मालक राजी हवा!

महोदय,
सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याने १० पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांनाही कामगारांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेत येता येईल, ही बातमी वाचली. मात्र ते ऐच्छिक आहे. मालक राजी हवा. चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानात मी रोज चार तास हिशेब लिहिते, पगार ९,००० रुपये. या विम्यासाठी त्यातून माझे ०.७५ टक्के, म्हणजे महिना ६८ रुपये, मालकाच्या खिशातून ३.२५ टक्के, जेमतेम २९३. विषय काढला की ‘ताई, दिवाळीनंतर बघू’. कोणत्या दिवाळीनंतर, ते विचारले नाही. खासगी आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तरी पंचावन्नाव्या वर्षी हप्ता झेपत नाही. बहुसंख्य कामगारांनी अर्ज केल्यास मालकाची संमती गृहीत धरावी.

– एक अर्धवेळ हिशेबनीस, सोलापूर