लिमाट नदीचा दुसरा काठ

नागपूर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, की नवीन काही उभं करायचं तर फाटे फोडणाऱ्यांना बाजूला काढावंच लागतं. विषय तुमच्या मंडळातून काढलेल्या त्या मुलाचा होता. त्या भांडणात मी पडत नाही. पण दाखला म्हणून तू झ्विंग्लीचं, म्हणजे सोळाव्या शतकात पोपपासून वेगळं होऊन झुरिकचं चर्च सुधारणाऱ्या धर्मगुरूचं, नाव घेतलंस, आणि जन्मभर पोरांना इतिहास शिकवलेल्या बाईला ते ऐकून गप्प बसवेना. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

हातात तलवार आणि बायबल घेतलेला झ्विंग्लीचा पुतळा तू तिथे झुरिकमध्ये रोज बघतोस. त्याच्या समोरच्या काठाने लिमाट नदीच्या प्रवाहाबरोबर थोडं खाली चालत जा. शिप्फं नावाचा भाग लागेल. तिथे एक दगडी पाटी आहे. १५२७ ते १५३२ या काळात फेलिक्स मान्झ आणि आणखी पाच ॲनाबॅप्टिस्टांना इथे नदीत बुडवून मारलं, असं तिच्यावर लिहिलंय. ॲनाबॅप्टिस्ट म्हणजे बाप्तिस्मा तान्हेपणी नको, मोठेपणी समजून घ्यावा म्हणणारे, आणि म्हणून तो दुसऱ्यांदा घेणारे. बुडवणारे पोपचे लोक नव्हते, झ्विंग्लीच्याच बाजूचे होते.

झ्विंग्ली दुष्ट नव्हता, हे आधी सांगते. १५२२ मध्ये ईस्टरआधीच्या उपासकाळात, जेव्हा मांस वर्ज्य असे, फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले. तेव्हा झ्विंग्लीने उघडपणे त्यांची बाजू घेतली. काय खावं आणि काय नाही हे शास्त्रात नसेल, तर ते माणसाच्या मनावर सोडा, म्हणाला. कोन्राड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ ही तरुण मंडळी त्याच्याकडेच ग्रीक, हिब्रू वाचायला बसायची. मूळ शास्त्र वाचा आणि त्यात नसेल ते टाकून द्या, ही सवय त्यानेच लावली. पोरांनी गुरूचं ऐकलं, फक्त ते शेवटपर्यंत ऐकलं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्या, असं शास्त्रात कुठे आहे? मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, चुकीचा आहे हे ठरलं, मग तो बंद करायला नगरपरिषदेच्या परवानगीची वाट का बघायची?

इथे झ्विंग्ली थांबला. परिषदेला बरोबर घेऊनच पुढे जायचं हा त्याचा हिशेब होता, आणि राजकारण म्हणून बघितलं तर तो खोटाही नव्हता. जानेवारी १५२५ मध्ये वादसभा झाली. तिचा निकाल आधीच ठरल्यासारखा होता. आठ दिवसांत बाळांना बाप्तिस्मा द्या, नाहीतर शहर सोडा, असा हुकूम निघाला. २१ जानेवारीच्या रात्री ही मंडळी जमली. ग्रेबेलने गेओर्ग ब्लाउरॉक नावाच्या माजी धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला, आणि मग ब्लाउरॉकने बाकीच्यांना. शेजारच्या त्सोलिकॉन गावच्या शेतकऱ्यांत हे लोण आठवडाभरात पोचलं.

तू विचारशील, पाण्याच्या चार थेंबांवरून एवढं काय? अरे, त्या काळी चर्च आणि गाव वेगळे नव्हते. बाळाला पाणी लागलं की ते चर्चचं झालं आणि त्याच दमात शहराचं, म्हणजे कराचं, शपथेचं, सैन्याचं. मोठा झाल्यावर समजून-उमजून ठरवीन म्हणणारा माणूस उद्या करही समजून-उमजून देईन म्हणणार. त्यात ही माणसं शपथ घेत नसत आणि बहुतेक जण तलवारीला हात लावत नसत. १५२६ मध्ये झुरिकमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही सुरू झाली. कोण पोराला आणत नाही, ते तिच्यावरून कळावं म्हणून. आपण जन्मदाखल्यासाठी खिडकीपाशी रांगा लावतो, तेव्हा असल्या वहीचा उगम कुणाच्या ध्यानीमनीही नसतो.

त्याच वर्षी परिषदेने ठरवलं की दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवायचं. ५ जानेवारी १५२७ ला मान्झला नावेतून नेलं. हात गुडघ्यांवरून बांधून मधून काठी घातली होती. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते. आई ओरडून सांगत होती, की ढळू नकोस. ही नोंद झ्विंग्लीच्या जागी पुढे आलेल्या बुलिंगरची आहे, म्हणजे विरोधकाचीच. ब्लाउरॉक झुरिकचा नागरिक नव्हता, म्हणून त्याला त्याच दिवशी फटके मारून शहराबाहेर हाकललं. १५२९ मध्ये आल्प्समधल्या टिरोल प्रांतात त्याला जाळलं.

आणि १५२९ मध्येच जर्मनीतल्या श्पायर शहरात साम्राज्यसभा, म्हणजे साम्राज्यातल्या राजांची आणि शहरांची सभा, भरली. धर्माच्या बाबतीत बहुमत आमच्यावर लादू नका, असं जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या बाजूच्या राजांनी तिथे ठणकावलं. त्याच सभेत ॲनाबॅप्टिस्टांना मृत्युदंड द्यायचं फर्मान निघालं. त्यावर कॅथलिकांचं आणि ल्यूथरवाल्यांचं एकमत झालं! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही पोरं मान वर करायची.

मात्र बुडालेले सगळे संत होते असंही समजू नकोस. १५३४ मध्ये जर्मनीतलं म्युन्स्टर शहर ॲनाबॅप्टिस्टांच्या हाती आलं. त्यांनी काय केलं? जे बाप्तिस्मा घेईनात त्यांना भर हिवाळ्यात वेशीबाहेर काढलं. पुढे त्यांचा पुढारी यान फान लायडन स्वतःला राजा म्हणवू लागला. वर्षभराने शहर पडलं आणि त्याचे हाल करून मारलं. प्रेतं टांगलेले पिंजरे तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत. तुझं म्हणणं म्युन्स्टरमध्येही कुणीतरी मांडलं असणारच, की आत्ता फाटे नकोत, आधी उभं राहू दे.

यात जी मला सोडत नाही ती आनेकन यान्स, तीही ॲनाबॅप्टिस्टच. २४ जानेवारी १५३९ ला रॉटरडॅममध्ये तिला बुडवलं. कडेवर सव्वा वर्षाचा मुलगा होता, इसाया. वाटेत तिने गर्दीला विचारलं, याला कोण घेईल? सोबत पैशांची पिशवीही पुढे केली. एका बेकरीवाल्याने पोर घेतलं. मरण्याआधी तिने मुलासाठी पत्र लिहून ठेवलं होतं. जिथे गरीब, साधी, जगाने टाकलेली माणसं दिसतील तिथे जा, त्यांच्यात राहा, असं त्यात आहे. मुलगा मोठा होऊन रॉटरडॅमचा महापौर झाला. आता हसावं की रडावं, तूच ठरव.

याच ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतले मेनोनाइट पंथाचे लोक १८९९ च्या दुष्काळात आपल्या शेजारी धमतरीला मदतीला आले. तिथलं मिशन हॉस्पिटल त्यांचंच. झुरिकच्या सुधारित चर्चनेही २००४ मध्ये या लोकांच्या वारसांची माफी मागितली. शिप्फंची ती दगडी पाटी तेव्हाचीच.

आता एकच राहिलं. बाल्थासर हुबमायर हा ॲनाबॅप्टिस्टांतला मोठा विद्वान, धर्मशास्त्राचा डॉक्टर. पाखंडी म्हणून माणसांना जाळणारेच खरे पाखंडी, असं त्याने १५२४ मध्येच लिहिलं होतं. झुरिकने त्याला पकडलं. तो म्हणाला, मतं मागे घेतो. लोकांसमोर उभं केलं तर ऐन वेळी म्हणाला, नाही घेत. परत तुरुंग, परत छळ, आणि शेवटी त्याने मागे घेतली. पुढे मोराव्हियात (आजच्या चेक देशात) त्याने हजारोंना शिकवलं. १५२८ मध्ये व्हिएन्नात त्याला जाळलं आणि तीन दिवसांनी त्याच्या बायकोला डॅन्यूबमध्ये बुडवलं. तो मोडला म्हणून काही जण त्याला कमी लेखतात. मी नाही लेखत. मान्झच्या आईपुढे मी हात जोडते, पण तिच्या जागी मी असते तर गळा काढून ओरडले असते: अरे, हो म्हण त्यांना, आणि घरी चल. तुझ्यावर कधी कुणी तशी वेळ आणली, तर खुशाल सही करून मोकळा हो. तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या आईवर ती वेळ आली, तर मात्र माझ्याकडून समजुतीची अपेक्षा ठेवू नकोस.

बाबांचा गुडघा आता बरा आहे. थंडीचे कपडे वेळेवर काढ.

तुझी,
आई