चरित्रपटांच्या यादीत सिरस सर हवेतच

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुटीत घरबसल्या पाहण्याजोग्या चरित्रपटांची यादी वाचली. खेळाडू आहेत, सैनिक आहेत, गायक आहेत. 'अलीगढ' नाही. मराठी वर्तमानपत्राच्या यादीत नेमका तोच नसावा, याचं फार वाईट वाटलं.

हंसल मेहतांचा हा चित्रपट डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्यावर आहे. सर मूळचे नागपूरचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. कवी होते, 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोघे जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरले आणि एका रिक्षावाल्याबरोबरच्या त्यांच्या समलैंगिक संबंधाचं चित्रीकरण केलं. निलंबन झालं ते सरांचं! ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली, आणि ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत त्यांचा मृतदेह सापडला. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

फेब्रुवारी २०१६ मध्ये चित्रपट लागला तेव्हा आमच्या नात्यागोत्यातलं कुणी थिएटरकडे फिरकलं नाही. तिकिटाच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर, ही धास्ती. खुद्द अलीगढमध्ये तर विरोधामुळे खेळ थांबले होते. असा चित्रपट घरात पाहता येणं ही म्हणूनच साधी सोय नाही. पण दार लावून, कानात हेडफोन घालून एकट्याने पाहू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बैठकीत, सगळ्यांसमोर लावा.

आम्ही तसाच पाहिला. ताई, माझा भाचा आणि ऐंशी ओलांडलेली मावशी. त्या रात्रीचा प्रसंग आला तसा भाच्याने पॉज केला. आजीला चालेल की नाही, त्याला कळेना. मावशी म्हणाली, "अरे, निदान दार तरी वाजवायचं ना त्या मेल्यांनी! माणसाच्या घरात असं शिरतात होय? लाव पुढे." इंग्रजी संवाद मी तिला सांगत होते, बाकी सगळं तिचं तिलाच कळत होतं.

मनोज वाजपेयींनी सर उभे केलेत ते जराही गाजावाजा न करता. अर्धवट उजेडातली खोली, हातात ग्लास, लताबाईंचं 'आप की नज़रों ने समझा' आणि स्वतःशीच गुणगुणणारा एक पोक्त मराठी माणूस. कोर्टात वकील तावातावाने बोलताहेत आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते सर डुलक्या घेताहेत. मी इंदुरात वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, वर्ग रोडावताना पाहिले. परमुलखात आपली भाषा शिकवणाऱ्याचं एकटेपण मला ठाऊक आहे. सरांच्या वाट्याला त्याच्या कितीतरी पट आलं. रिक्षावाल्याबद्दल मात्र चित्रपटाने आणखी सांगायला हवं होतं. त्या गरिबाचं काय झालं, हे ताई शेवटपर्यंत विचारत राहिली.

६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. तरीही आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत, व्याख्यानमालांत सिरसांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. बृहन्महाराष्ट्राचा अभिमान मिरवताना हा कवी वगळायचा, हे मला पटत नाही.

निर्मात्यांनी या चित्रपटाला मराठी सबटायटल्स द्यावीत. मावशीसारख्या कितीतरी जणींची सोय होईल. शहरातल्या मराठी वाचनालयांनी 'पायाखालची हिरवळ' मिळवून कपाटात ठेवावा. एखाद्या संस्थेने खेळ लावून त्यातल्या चार कविता वाचायचं ठरवलं, तर वाचायला मी येईन. आणि आपण पुढच्या रविवारी यादीत एवढी एक भर घालावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
रामबाग, इंदूर