तक्रार: मशीनचा आवाज फाटतोय आणि कस्टमर केअर म्हणतंय तुमच्या कानाचा प्रॉब्लेम

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे टाईप करतोय, त्या नंबरवर परत बोलायची इच्छा नाही, वरच्या साहेबांनीच वाचावं.

रानडुकरं हाकलायला शेतात लावलेल्या तुमच्या सोलर मशीनमधला वाघ वाघासारखा ओरडत नाही. डरकाळीत खालचा घुमणारा आवाज असतो, धडकी भरते ती त्याच्यामुळं, आणि तुमच्या त्या छोट्या हॉर्नमधनं तो बाहेर पडतच नाही, नुसती वरची खरखर राहते, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की आवाज फाटतो. प्रत्येक डरकाळीच्या आधी टक् वाजतं, आणि क्रम पण तोच, वाघ, कुत्री, बंदूक, परत वाघ. रानडुकरं सुरुवातीला बिचकली, आता मान पण वर करत नाहीत, हॉर्नच्या खांबाखालचाच मका लोळवलाय त्यांनी.

हे सगळं मी आज फोनवरच्या पोराला नीट सांगितलं, न चिडता. तर म्हणतो, "काका, जनावराला काय कळतंय एवढं, आवाज आला की ते पळतंय." मी म्हणलं पळत नाहीत म्हणून तर फोन केलाय. तर म्हणे, "डुकरं पळत नाहीत असा व्हिडिओ पाठवा, दिवसाच्या उजेडातला, क्लिअर." अरे डुकरं रात्री येतात, म्हणून तर मशीन घेतलं! मग होल्डवर ठेवलं, बराच वेळ गाणं ऐकवलं, आणि परत आल्यावर म्हणतो, "तुमच्या कानाचा प्रॉब्लेम असेल, बाकी कुणाची तक्रार नाही." त्याच्या वडलांएवढं वय माझं. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, डुकराला साधारण ४० हजारापर्यंत. खोटा आवाज आपल्याआधी त्याला कळतो, एवढं तरी तुमच्या माणसांना शिकवा.

दुसरं, मशीनच्या मेमरी कार्डात सशाच्या किंकाळीचा ट्रॅक कुणी घातला? अमेरिकेत शिकारी लोक कोयोटी, म्हणजे तिथलं कोल्ह्या-लांडग्यासारखं जनावर, जवळ यावं म्हणून असलाच आवाज लावतात. म्हणजे हाकलायच्या मशीनमध्ये बोलवायचा आवाज! माझं रान नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडं, इथं माळावर लांडगे आहेत, कोल्हे आहेत. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या शेड्यूल १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला, आणि त्याच कायद्यात आमिष दाखवणं पण शिकारीतच धरलंय. आम्हाला पीक वाचवायचंय, कुणाची शिकार करायची नाही. तो ट्रॅक सगळ्या गिऱ्हाइकांच्या कार्डातनं काढा, माझ्या एकट्याच्या नाही.

मोहोळला पाहुण्यांकडं तुमचंच जुनं मॉडेल आहे, मोठ्या हॉर्नचं, त्याचा आवाज ऐकून विश्वासानं हे घेतलं. नाव तेच ठेवलं आणि आत हलका माल भरला, ह्याचं लई वाईट वाटलं. आणि वर कानाचा प्रॉब्लेम म्हणता.

मोठ्या हॉर्नचं मशीन बदलून द्या नाहीतर पूर्ण पैसे परत करा. नाही जमलं तर सोलापूरच्या ग्राहक आयोगात जाणार. कंपनी कुठलीबी असो, २०१९ च्या ग्राहक कायद्यानं मी राहतो तिथं केस घालता येते आणि ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. बिलाची झेरॉक्स जोडलीय. तपासायला माणूस पाठवणार असाल तर रात्री पाठवा, मक्यात उभं राहून ऐकू दे त्याला.