ओहोटीच्या वेळची खाडी

ऐरोली, नवी मुंबई
चैत्र वद्य प्रतिपदा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पहाटे उठून मी खाडीवर काय पाहायला जाते, असे बाबांनी विचारले होते. ते फोनवर सांगून संपण्यासारखे नाही, म्हणून लिहीत आहे. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरची माणसे तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी येते आणि पूर्ण ओहोटी नेमकी सूर्योदयाच्या सुमारास असते. शिवाय ते दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी सर्वांत लांब जाते आणि तिवरांपुढचा चिखल दूरवर उघडा पडतो.

त्या चिखलावर मी निवट्या पाहते. निवटी हा मासाच आहे, पण ओहोटीला ती पाण्यामागे जात नाही. छातीच्या परांवर भार देऊन ती चिखलावर सरकते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, आणि अंग ओले असेपर्यंत कातडीतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. डोळे माथ्यावर असतात. कोरडे पडू लागले की ते खोबणीत ओढून, भिजवून ती पुन्हा वर काढते. भरतीत तिचे बीळ बुडते आणि खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जपानमधील एका जातीत अभ्यासकांना असे आढळले की नर तोंडात हवा भरून बिळातल्या अंड्यांच्या कप्प्यात नेऊन सोडतो, आणि पिल्ले निघायची वेळ झाली की तीच हवा बाहेर काढून पाणी आत येऊ देतो. आई, बांधावरून यातले काही दिसणे शक्य नाही, तरीही एखादी निवटी बिळात शिरली की माझी नजर तिथून हलत नाही.

शेजारीच एक नांगी अवाढव्य असलेले खेकडे दुसऱ्या छोट्या नांगीने चिखल तोंडाशी नेतात, खाण्याजोगे तेवढे वेचतात आणि उरलेल्याच्या गोळ्या मागे टाकतात. रोहित पक्ष्यांसाठी सगळे येतात, आणि ते सुंदर आहेतच. पण त्यांचे पोटही याच चिखलावर आणि उथळ पाण्यावर भरते.

खाडी घाण आहे, हे बाबांचे म्हणणे खोटे नाही. शहराचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे पोटात घेतले आहे आणि तिवरांच्या मुळांत अडकलेले प्लास्टिक पाहून मला रोज संताप येतो. तरीही 2015 मध्ये तिचा काही भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, ती या चिखलातल्या जिवंतपणामुळेच. तिला मेलेली म्हटलेले मला सोसत नाही.

तुम्ही येणारच आहात, तर बाबांनी पंचांग पाहून अमावास्येच्या आगेमागेची तारीख धरावी. बांधावरची वाट सपाट आहे, त्यांच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. दुर्बीण माझ्याकडे आहे. आईने फक्त दूरचा चष्मा विसरू नये.

तुमची लेक