वहीतल्या लाल-निळ्या रेघांसाठी आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

जुन्या विमानांच्या मॉडेलवर तारा ओढायच्या म्हटलं की बहुतेक जण किटच्या खोक्यावरचं चित्र बघतात आणि दिसेल तिथून दिसेल तिथे दोरा बांधतात. तुमच्या रिगिंगच्या वहीमुळे आमच्यापुरतं हे थांबलं. ती वही तुम्ही मागेल त्याला उतरवून घेऊ दिलीत, म्हणून हे जाहीर पत्र. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून भागायचं नाही. कशाकशासाठी आभार, ते नावानिशी सांगायला हवं.

पहिले आभार रंगांसाठी. प्रत्येक पानावर विमानाचं समोरून दिसणारं रेखाचित्र आहे. त्यात फ्लाइंग वायर लाल, लँडिंग वायर निळ्या आणि कंट्रोलच्या तारा हिरव्या. लाल तार खालच्या पंखाच्या मुळापासून निघते आणि तिरपी वर जाऊन वरच्या पंखाला स्ट्रट (वरच्या-खालच्या पंखांमधला उभा खांब) भिडतो तिथे पोचते. हवेत पंख वर उचलले जातात तेव्हाचा ताण तिच्यावर असतो. निळी उलट्या दिशेने जाते: कॅबेन स्ट्रटच्या (धडावर वरचा पंख धरणाऱ्या आखूड खांबाच्या) वरच्या टोकापासून बाहेर, खाली, स्ट्रटच्या पायथ्याशी. विमान जमिनीवर उभं असताना पंखांचं वजन ती पेलते आणि उतरतानाचा हिसकाही तीच खाते. हवेतला भार मोठा, म्हणून सॉपविथ कॅमल या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानावर लाल तारा जोडीने आहेत आणि निळ्या एकेरी. जोडीतली एक गोळी लागून तुटली, तरी दुसरी पंख धरून ठेवते. प्रत्येक तार काय काम करते हे कळलं की किती तारा, कुठल्या जाडीच्या आणि कुठून कुठे, हे पाठ करावं लागत नाही. वहीतलं बाकी सगळं या एका गोष्टीतून उलगडत जातं.

कॅमलचं पान तर आम्हाला तोंडपाठ झालं आहे. एका बाजूला पुढच्या स्ट्रटला दोन आणि मागच्या स्ट्रटला दोन अशा चार फ्लाइंग वायर, दोन लँडिंग वायर आणि पुढच्या-मागच्या स्ट्रटच्या मध्ये फुलीसारख्या दोन इन्सिडन्स वायर. एकूण आठ. त्याच पानाच्या कडेला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय: ‘वरचा पंख सपाट, खालच्याला ५ अंश चढ.’ ही ओळ सहज नजरेतून सुटते आणि मग तारा जुळत नाहीत. खालचा पंख सपाट चिकटवला, तर बाहेरच्या टोकाला दोन पंखांतलं अंतर वाढतं. स्ट्रट आखूड पडतात. ते ओढून बसवले की पंखात कायमचा ताण राहतो आणि पुढे एकेक दोरा सैल पडत जातो. दोष दोऱ्याचा नसतो, चिकटवतानाच्या कोनाचा असतो.

जाडीचा हिशेब तुम्ही एका ओळीत मांडलात. खरी तार ५ मिमीची धरली, तर १:३२ मापाच्या मॉडेलवर ती ०.१६ मिमी येते, १:४८ ला ०.१० आणि १:७२ ला ०.०७. शिवणाचा दोरा बहुधा ०.२ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे १:७२ च्या मॉडेलवर तो १४ मिमीची सळई दिसतो. शिवाय सुती दोऱ्याला केस असतात आणि रंग दिला की ते उभे राहतात. याच पानावर कॅमलच्या पंखांची लांबीही आहे: खऱ्या विमानात ८.५३ मीटर, १:४८ ला १७८ मिमी, १:७२ ला ११८ मिमी. तळहातावर मावणाऱ्या वस्तूवर ०.२ चा दोरा किती जाड दिसेल, ते हे आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर कळतं.

गोल तार आणि चपटी तार यांतला फरक तुम्ही समजावलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत, कारण इथे अनुभवी माणसंही चुकतात. ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने विकसित केलेली ‘रॅफ वायर’ म्हणजे भिंगाच्या छेदासारखी चपटी पोलादी पट्टी. तिची अरुंद कड वाऱ्याकडे असते, म्हणून समोरून ती जवळजवळ दिसत नाही आणि बाजूने ठळक दिसते. तिच्या टोकांना आटे असतात आणि ती थेट दुबेळक्या फोर्क फिटिंगमध्ये फिरवून बसवतात. तिला टर्नबकल, म्हणजे फिरवून तार ताणायचा आट्यांचा जोड, नसतो. जर्मन विमानांवर पिळाची गोल केबल आणि टर्नबकल. म्हणून कॅमल किंवा एस.ई.५ए च्या फ्लाइंग वायरवर हौसेने पितळी टर्नबकल लावले, तर मेहनत कितीही सुबक असली तरी ती चूकच. ब्रिटिश विमानांच्या कंट्रोल केबल मात्र गोल असतात, तिथे टर्नबकल चालतो. दोन चपट्या तारा एकमेकींना छेदतात तिथे घासू नयेत म्हणून छोटा लाकडी तुकडा बसवलेला असतो. मॉडेलवर त्यासाठी पांढऱ्या गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरतो, वाळल्यावर त्याला लाकडी रंगाचा एक ठिपका दिला की झालं.

भोकांबद्दल तुम्ही फार आग्रही आहात आणि ते रास्तच आहे. भोकं जोडणीच्या आणि रंगाच्या आधी पाडायची. आधी टाचणीने खूण, मग पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलमध्ये) ०.३ किंवा ०.४ मिमीचा बिट. बिट सुरुवातीला सरळ धरायचा, अर्धा मिमी आत गेला की तार ज्या दिशेने जाणार त्या दिशेला झुकवायचा. सरळ भोकातून तिरपा निघालेला दोरा काठावर वाकतो आणि तो बाक रंगाखालीही लपत नाही. वरच्या पंखात भोक आरपार नको, जेमतेम १ मिमी. १:७२ चा पंख त्याहून थोडाच जाड असतो, म्हणून बिटला मास्किंग टेपची पट्टी गुंडाळून खोलीची खूण करायची ही तुमची युक्ती किती पंख वाचवते!

नायलॉनच्या मोनोफिलामेंटची तुमची पद्धत बहुतेक जण वापरतात. दोऱ्यांची एक टोकं वरच्या पंखाच्या खालच्या बाजूला सुपरग्लूने बसवायची आणि मोकळी टोकं टेपने पंखावरच चिकटवून ठेवायची, प्रत्येकावर क्रमांक घालून. मग पंख बसवायचा, गोंद पूर्ण वाळू द्यायचा आणि दोरे खालच्या पंखाच्या आरपार भोकांतून ओवायचे. खाली लोंबणाऱ्या टोकाला ५ ते १० ग्रॅमचा चिमटा लटकवायचा, भोकाशी सुपरग्लूचा थेंब टेकवायचा, वाळला की दोरा पृष्ठभागाशी कापायचा, पुट्टी, सँडपेपर, रंगाचा हात. डावा दोरा ओढला की लगेच त्याच्या जोडीचा उजवा. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे गेलात, तर वरचा पंख हळूच पिळला जातो आणि हे शेवटी समोरून बघतानाच लक्षात येतं. वजन वाढवून दोरा जास्त ताठ होत नाही. पंख वाकतो आणि आधी ओढलेले दोरे ढिले पडतात. नायलॉन थोडाच सैल राहिला असेल, तर काडी पेटवून विझवायची आणि तिचं गरम टोक दोऱ्यापासून सेंटीमीटरभर दूर फिरवायचं, तो आपोआप आखडतो. टोक टेकलं तर मात्र दोरा तुटलाच.

लवचिक दोऱ्याबद्दलचं तुमचं मत काहींना कडक वाटतं. आम्हाला ते पटतं. इलॅस्टिक दोऱ्याला हात लागला तरी तो तुटत नाही, पंखही ओढत नाही, म्हणून १:७२ साठी आणि सतत हाताळल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी तो उत्तम. पण तो जेमतेम १० ते १५ टक्के ताणायचा. दुप्पट ताणला की आज ना उद्या भोकातून निसटतो. त्यावर रंगही द्यायचा नाही, कारण ताण बदलला की रंग तडकतो आणि कण सुटतात. हव्या त्या रंगाचाच दोरा घ्यायचा. चकचकीत चांदीपेक्षा गडद राखाडी बरा, एवढ्या लहान मापात चांदी डोळ्यांत खुपते.

आता कडीबद्दल. वहीतलं आमचं सर्वांत आवडतं पान हेच आहे. ०.१ मिमीची तांब्याची तार ०.३ मिमीच्या बिटभोवती एकदा फिरवायची, दोन्ही टोकं चिमट्यात धरायची आणि बिट बोटांनी पाच-सहा वेळा फिरवायचा. बिट काढला की हातात येते सुईच्या नेढ्याएवढी कडी आणि तिच्याखाली पिळाची शेपटी. शेपटी ३ मिमी ठेवून कापायची आणि पंखातल्या ०.४ च्या भोकात सुपरग्लूने रोवायची. मग ०.५ मिमी बाहेरच्या आणि ०.३ मिमी आतल्या व्यासाच्या पितळी नळीचा २ मिमीचा तुकडा दोऱ्यात ओवायचा, दोरा कडीतून घालून त्याच नळीतून परत आणायचा. टोक ओढलं की नळी सरकत कडीला भिडते, दोरा ताठ होतो आणि नळीच टर्नबकल दिसते. थेंब नळीच्या मागच्या तोंडाशी टेकवायचा, गोंद आपोआप आत ओढला जातो. नळी ब्लेडने नुसती दाबून कापली तर तोंड चेपतं. ती ब्लेडखाली गोल फिरवत कापायची आणि तोंड बिटने मोकळं करायचं. हे सगळं १:३२ आणि १:४८ साठी. १:७२ ला कडीचा अट्टाहास नको, तारेच्या टोकाशी ब्राँझ रंगाचा एक ठिपका पुरे, असं तुम्ही लिहिलंत तेव्हा कितीतरी जणांच्या डोळ्यांवरचा भार उतरला.

सुपरग्लूची पांढरी बुरशी हा सगळ्यांचा त्रास. गोंदाची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते, दमट हवेत आणि बंद जागेत जास्त. म्हणून थेंब थेट बाटलीतून पाडायचा नाही. तारेच्या टोकावर घेऊन टेकवायचा, हवा खेळती ठेवायची आणि वाळेपर्यंत मॉडेलवर झाकण घालायचं नाही. आधीच पांढरं झालं असेल, तर वॉर्निशचा हलका हात त्या जागी चालतो. मॅट वॉर्निशचा शेवटचा फवारा मात्र तारा ओढण्याआधीच मारून घ्यायचा, नाहीतर दोऱ्यांवर त्याचे मणी जमतात.

क्रमाबद्दल थोडक्यात: आधी कॅबेन स्ट्रटमधल्या फुल्या, मग लँडिंग वायर, मग फ्लाइंग वायर, शेवटी बाहेरच्या इन्सिडन्स वायर, त्यानंतर चाकांचा सांगाडा, शेपटी आणि कंट्रोल केबल. खऱ्या विमानातही मधला भाग काटकोनात आणून लँडिंग वायरनेच पंखांचा चढ ठरवत, फ्लाइंग वायर तोवर ढिल्या ठेवत. आतून बाहेर गेलं की चिमट्याला जागाही राहते. कंट्रोल केबलसारख्या सुट्या, आखूड तारांना ०.१५ मिमीची पोलादी तार बरी: डिव्हायडरने माप घ्यायचं, कापायचं आणि दोन थेंबांवर नुसती ठेवायची. तिच्यावर ताणच नसतो, म्हणून ती कशालाच ओढत नाही.

नवख्यांना तुम्ही फोकर डीआर.१ किंवा डी.७ या जर्मन विमानांपासून सुरुवात करायला सांगता, त्याबद्दलही आभार. त्यांचे पंख आतूनच मजबूत, बाहेरून ताणाच्या तारा लागतच नाहीत. कॅबेन आणि चाकांजवळच्या मोजक्या तारा आणि कंट्रोल केबल, एवढ्यावर हात बसतो. त्यानंतर फोकर ई.३: मागच्या पंखतारा हलत्या असतात, कारण वळण घेताना पंखच पिळला जातो. त्या वरच्या खांबाच्या कप्पीवरून पलीकडे जातात, म्हणून तिथे दोन तुकडे न जोडता एकच सलग दोरा एका पंखापासून दुसऱ्या पंखापर्यंत न्यायचा. आणि अल्बाट्रॉस डी.५ च्या व्ही आकाराच्या स्ट्रटपासून खालच्या पंखाच्या पुढच्या कडेला जाणारा छोटा टेकू तार नाही, स्ट्रटच आहे, ही तुमची लाल शाईतली सूचना अजून पुष्कळांच्या कामी येते.

वहीत एक पान नव्हतं, ते आम्ही सोबत पाठवत आहोत: स्पॅड १३ या फ्रेंच विमानाचं. बघणाऱ्याला प्रत्येक बाजूला स्ट्रटच्या दोन जोड्या दिसतात आणि तो दोन बेच्या (स्ट्रटनी पाडलेल्या दोन कप्प्यांच्या) विमानासारख्या तारा ओढतो. खरं तर मधले बारीक स्ट्रट भार घेत नाहीत. लांब तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांना धरून त्यांची थरथर कमी करणं एवढंच त्यांचं काम. म्हणून तारा मुळापासून बाहेरच्या स्ट्रटपर्यंत सलग, आणि छेद नेमका मधल्या स्ट्रटवर. १:४८ च्या मॉडेलवर आधी मधले स्ट्रट पक्के चिकटवले की छेद १ मिमी इकडेतिकडे होतो. आम्ही ते फक्त खालच्या टोकाला धरून ठेवले, तारा ओढल्या आणि मग छेदाशी थेंब दिला. रंग तुमचेच ठेवले आहेत, लाल आणि निळा. मागच्या लँडिंग वायरचं वरचं टोक एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. चूक असेल तर तिथेच पेन्सिलीने खूण करा, आम्ही पान पुन्हा काढून पाठवू.

आपले कृतज्ञ,
वही उतरवून घेतलेले सगळे