भाद्रपद-आश्विनातले काही तास वर्गाबाहेर घ्या

संपादक महोदय,

गणपती गेले की शाळांमध्ये सहामाहीची घाई सुरू होते. त्यातच 'ऋतूनुसार उपक्रम' करा म्हटलं, की पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती इंटरनेटवरून छापलेले कागद पडतात: केशरी पानं रंगवा, भोपळा कापून चिकटवा. ती पानगळ युरोप-अमेरिकेतली. आपल्याकडे सप्टेंबरात डोंगर हिरवेगार असतात. सावर, पळस उघडे पडतात ते थंडीत. परदेशातले ऋतू मुलांना जरूर कळावेत, पण दारासमोरचा आधी कळला पाहिजे. पाचवी ते सातवीला वर्षानुवर्षं शिकवल्यामुळे हे कळकळीने लिहिते आहे.

२२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात. त्या दिवशी मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा आणि सावलीच्या टोकाशी दर अर्ध्या तासाने एकेक खडा ठेवायला सांगा. खडे जवळपास सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. हाच प्रयोग डिसेंबरात केला तर रेषा वाकते. साताऱ्याकडे साडेबाराच्या जरा आधी सावली सर्वांत आखूड होते, सुमारे ३२ सेंटिमीटर. नागपूरला तीच साधारण ३९ सेंटिमीटर भरते. तिकडच्या एखाद्या शाळेला फोन लावून दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. अक्षांश म्हणजे काय हे मग मुलंच विचारतात. आभाळ असेल तर दोन दिवस मागेपुढे चालेल, फरक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचाच पडतो.

घटस्थापना तर आयता प्रयोग आहे. दोन पसरट भांड्यांत माती घालून गहू पेरा. एक खिडकीत ठेवा, दुसरं कपाटात. आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. बहुतेक मुलं उजेडातलं रोप उंच होईल असं लिहितात. रोज पट्टी लावून मोजायला लागलं की अंधारातलं रोप पुढे निघतं, पण पिवळं आणि लुळं. देवघराच्या कोपऱ्यातले घट पिवळे का दिसतात, हे तेव्हा उमगतं. नऊ दिवसांच्या नोंदींचा आलेख काढला की गणिताचा तासही सत्कारणी लागतो.

दसऱ्याला प्रत्येकाला घरी आलेल्या 'सोन्या'तलं एकच पान आणायला सांगा आणि लांबी-रुंदी मोजा. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा थोडं रुंद असतं. बाजारातल्या जुड्यांत बरीच पानं कांचनाची निघतात, आकाराने मोठी आणि मऊ. ज्या मुलांनी ही दोन झाडं ओळखली, ती घरच्यांना फांद्या तोडू नका म्हणून सांगू लागतात.

आणि तेरडा! त्याची पिकलेली बोंडं बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फुटतात, साल गुंडाळली जाते आणि बिया हातभर लांब उडतात. बी किती दूर गेलं ते मुलं मोजतात, पुन्हा पुन्हा मोजतात. त्यांना आवरावं लागतं. बुटावर जुना मोजा चढवून बांधावरून एक फेरी मारली की आघाड्याची फळं चिकटून येतात. बीजप्रसाराचा धडा तिथेच होतो. मात्र उंच गवतात मुलांना शिरू देऊ नये, या दिवसांत साप असतात. कळलावीची फुलं सुंदर दिसली तरी झाड विषारी आहे, तिला हात लावायचा नाही हे आधीच बजावावं. कासला सहल नेणाऱ्या शाळांनी फुलं तोडायची नाहीत, वहीत चित्र काढायचं, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झालं.

यातल्या कशालाच खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि तोच शिक्षकांकडे उरत नाही. उपक्रम दहा मिनिटांचा आणि त्याचे फोटो, लिंक, अहवाल तासभर, अशी आजची स्थिती आहे. म्हणून शिक्षण विभागाला विनंती, की सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आठवड्याला दोन तासिका परिसर निरीक्षणासाठी राखून ठेवाव्यात, त्यांचे फोटो मागू नयेत आणि मुलांच्या निरीक्षणवह्याच आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात धराव्यात.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा