पट्टीचा हिशेब आणि सॉफ्टवेअरचा साचा

बेळगाव

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

इथल्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी, म्हणजे दलालीवर शेतमाल विकून देणाऱ्या दुकानासाठी, केलेले सॉफ्टवेअर आता कोणत्याही व्यापाऱ्याला चालेल असे करायचा तुझा बेत मला अर्धाच पटला, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७९ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटला कोणताच धंदा ठाऊक नव्हता, ठाऊक होते ते रकाने आणि सूत्रे. म्हणूनच स्प्रेडशीट पुढे प्रत्येक धंद्यात शिरली. पण ज्याला धंदा ठाऊक नाही त्याला चूकही कळत नाही. भावाच्या रकान्यात कोणी वजन घातले, तरी स्प्रेडशीट निमूटपणे गुणाकार करून मोकळी होते. तुझ्या प्रोग्रॅमने तिथेच हटकले पाहिजे.

आता पट्टीच घे, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची चिठ्ठी. तिच्यात अडत म्हणजे दलाली शेकडा, हमाली-तोलाई पोत्यामागे आणि आधी दिलेली उचल ठोक रकमेने. आकारणीचे प्रकार एवढेच, दर मात्र दुकानागणिक वेगळे. तेव्हा नाव, प्रकार, दर आणि रक्कम कोणाच्या खात्यावर टाकायची, अशा चार रकान्यांचा तक्ता कर, म्हणजे बटाटा असो वा मिरची, कोडला हात लावावा लागणार नाही. पट्टी मराठीत छापायची की कन्नडमध्ये, हे दुकानाच्या सेटिंगमध्ये नव्हे, तर शेतकऱ्याच्या खात्यावर नोंदव; खानापूरकडचा मराठी आणि बैलहोंगलकडचा कन्नड शेतकरी एकाच काट्यापाशी उभा असतो.

मात्र ‘शंभर पोत्यांच्या वर हमाली कमी’ असली मागणी आली, की तक्त्यात सूत्र लिहायची सोय देऊ नकोस. आज सूत्र, उद्या अट, परवा अटीत अट, असे करत तू एक अर्धीमुर्धी प्रोग्रॅमिंग भाषाच तयार करशील, तिच्यात चूक शोधायचे साधन नसेल आणि दिवाणजी रात्री फोन तुलाच करतील. ती मागणी त्या दुकानापुरती सरळ कोडमध्ये लिही. तिसऱ्या दुकानाने तेच मागितले तर सर्वांसाठी कर. प्रोग्रॅमर डॉन रॉबर्ट्स यांच्या नावाने सांगितला जाणारा हा तिसऱ्या वेळेचा दंडक मला कागदावरच्या मोठमोठ्या आराखड्यांपेक्षा भरवशाचा वाटतो.

निपाणीच्या तंबाखूवाल्यांचा विचार सध्या सोड. तिथे सगळा भाव प्रतवारीवर ठरतो. खातेवही आणि छपाई तेवढी सामायिक ठेवून बाकीचे वेगळे लिहिणेच बरे.

तक्त्याचा आराखडा झाला की पाठव. उचलीवरचे व्याज त्यात कुठे बसवतोस, ते मला पाहायचे आहे.

तुझा,
विनायक